वळणापलीकडच्या गाडीला फाट्यावरची माणसं कळवताना

ही नोंद यवतमाळ जिल्ह्यातल्या एका राज्य मार्गावरच्या फाट्याची आहे. गावाकडून येणारी पांदण तिथे डांबरी रस्त्याला मिळते. समोर एसटीचा थांबा, पुढे वळण आणि वळणाच्या आतल्या बाजूला रस्त्यालगत तुरीचं वावर. फाट्यावर माणसं आहेत हे वळणापलीकडच्या गाडीला वेळेत कळावं, एवढंच काम होतं. त्यासाठी रस्त्याकडेच्या खांबाने माणूस ओळखायचा आणि गाडीतल्या डब्याला रेडिओवरून कळवायचं, अशी यंत्रणा केली. २०२४ च्या दिवाळीनंतर सुरुवात झाली आणि २०२५ च्या वेचणीला यंत्रणा रोजच्या वापरात आली. कागद कुठे थांबतो, कुठला सेन्सर उन्हाळ्यात आंधळा होतो आणि ड्रायव्हर कशाने वैतागतो, हे दुसऱ्या गावाला आधीच माहीत असलेलं बरं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

नोव्हेंबरात विधानसभेची आचारसंहिता होती, २० तारखेला मतदान. त्या काळात कुठल्याही नव्या कामाचा ठराव होत नाही, म्हणून तो वेळ निरीक्षणाला दिला. साधी वही, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने: किती माणसं, कुठल्या बाजूने, रस्ता ओलांडतात की कडेने चालतात, हातात काय आहे. ही वही पुढे प्रत्येक निर्णयाला कामी आली. तिच्यातून दिसलं की ओलांडणारे थोडे, कडेने चालणारेच जास्त. साइडपट्टी खचलेली आणि काटेरी बाभळीने भरलेली असल्यामुळे माणसं डांबरावरूनच चालतात. गर्दीच्या वेळा दोन. सकाळी वेचणीला जाणाऱ्या बाया आणि शाळेची पोरं, आणि संध्याकाळी परतीची रांग. डिसेंबरात साडेपाच-सहालाच अंधारून येतं, डोक्यावर कापसाचा बोजा असतो आणि मागून येणारी गाडी बघायला मान वळत नाही.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची निघाली. गाड्या आणि पादचारी एकमेकांना रेडिओवरून कळवतात, अशा योजनेत गाडी आपली जागा आणि वेग सेकंदाला दहा वेळा सांगते आणि पादचाऱ्याचा फोन त्याची जागा सांगतो. वेचणीला जाणाऱ्या बाईचा फोन घरी असतो, किंवा बटणांचा साधा असतो, किंवा घरात एकच फोन असतो आणि तो दुसऱ्याकडे असतो. ज्यांना धोका सगळ्यात जास्त, त्यांच्याजवळ काहीच नसतं. त्यामुळे पादचाऱ्याने काहीही बाळगायचं नाही, त्याला ओळखायचं काम रस्त्याकडेच्या खांबाचं, हे पहिल्याच महिन्यात ठरलं. नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात शहर बसच्या काचेवर कॅमेरे बसवले आहेत. समोर माणूस आला की ते चालकाला सावध करतात. पद्धत चांगली आहे, पण कॅमेऱ्याला जे दिसतं तेवढंच तो सांगतो. वळणाआड आणि सहा फुटी तुरीआड त्याला दिसत नाही.

डिसेंबरात पोलीस ठाण्यातून अपघातांची माहिती मागितली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. केंद्राच्या व्याख्येत ब्लॅक स्पॉट म्हणजे सुमारे ५०० मीटरचा असा तुकडा, जिथे तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले. लहान गावाचा फाटा या आकड्यात बहुधा बसत नाही. म्हणून अर्जात 'ब्लॅक स्पॉट' हा शब्द लिहू नका, नाहीतर त्याच मुद्द्यावर कागद परत येतो. वहीतल्या नोंदी, थांब्याचा फोटो, शाळेचं पत्र आणि वळणावर किती अंतरावरून दिसतं याचं मोजमाप जोडा. मोजायला टेप आणि दोन माणसं पुरतात. एक जण फाट्यावर उभा राहतो, दुसरा गाडीच्या आसनाइतक्या उंचीवरून पहिला कुठे दिसतो ते बघतो.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झाला. सभेत बायांनी पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारला, आणि तो रास्त होता. येता-जाता आपलं चित्र कुणाकडे साठतं हे कुणाला आवडेल? शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर चेहरे साठवणं ही वेगळीच जबाबदारी होते. ठरावातच 'कॅमेरा नाही' असं लिहून घेतलं. पैशाचं म्हणाल तर तेव्हा १५ व्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेल्या अबंधित ४० टक्क्यांतून हे बसलं. पण काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी आलेलं हवं. तीन दरपत्रकं लागतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) सोबत घेऊन बसा, खर्चाच्या शीर्षाचं नाव तेच बरोबर सांगतात.

फेब्रुवारीत सार्वजनिक बांधकामच्या उपविभागात अर्ज दिला. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग त्यांच्याकडे, गावरस्ते जिल्हा परिषदेकडे. चुकीच्या दारात दिलेला अर्ज नुसता पडून राहतो. सोबत लागतं ते असं: ठरावाची प्रत, जागेचा आराखडा (आम्ही खांब डांबराच्या कडेपासून अडीच मीटरवर दाखवला), खांबाची उंची, पायाचं चित्र, आणि रस्ता रुंद झाला तर स्वखर्चाने काढून घेऊ असं हमीपत्र. एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही द्या. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि विषय त्यांच्या बैठकीच्या टिपणात आला की खालच्या टेबलावर तो जिवंत राहतो. मार्चअखेरीस बिलांची घाई असते, तेव्हा उत्तराची वाट पाहू नये. परवानगी मे संपता संपता हातात आली.

मधला वेळ हिशेबात गेला, आणि सगळ्या यंत्रणेचं मर्म त्या हिशेबातच आहे. ६० किमी वेगाची गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. चालकाला कळून पाय ब्रेकवर पडायला अडीच सेकंद धरतात, त्यात ४२ मीटर गेले. मग घर्षण ०.३५ धरलं तर थांबायला आणखी ४० मीटर. म्हणजे ८० मीटर, किंवा पावणेपाच-पाच सेकंद आधी कळलंच पाहिजे. ८० किमी वेगाला हेच अंतर १२५ मीटरच्या पुढे जातं. त्यात सेन्सरची खात्री करायला अर्धा सेकंद, एखादा संदेश हरवला तर पुढचा यायला अर्धा, आणि गाडीतल्या जीपीएसला होणारा उशीर. म्हणून सूचना ८ सेकंद आधी द्यायची ठरवली. ६० ला १३३ मीटर, ८० ला १७८. अंतरावर नाही, वेळेवर बांधायची, हे महत्त्वाचं. ठराविक २०० मीटरवर वाजवलं तर ३० च्या वेगाने येणाऱ्या ट्रॅक्टरला ते २४ सेकंद आधी वाजतं. तो म्हणतो, कुठे कोण आहे? आणि पुढच्या वेळी लक्ष देत नाही.

एप्रिलमध्ये सामान घेतलं. शेतकऱ्याच्या परवानगीने वावराच्या धुऱ्यावर लोखंडी पाइप रोवून मे महिन्यात सेन्सर तपासले, आणि ते मे मध्येच तपासले पाहिजेत. दिव्यांच्या दुकानात मिळणारा पीआयआर सेन्सर माणसाची उष्णता आणि मागच्या पार्श्वभूमीची उष्णता यातला फरक बघतो. आपल्याकडे दुपारी पारा ४५ ला जातो, माणसाची त्वचा ३४-३५ ला असते, तापलेलं डांबर तर साठीला पोचतं. सकाळी तापमान वर चढताना आणि संध्याकाळी खाली येताना एक वेळ अशी येते की हवा आणि त्वचा सारखीच, तेव्हा सेन्सरला माणूस दिसतच नाही. नोव्हेंबरात उत्तम चालणारा पीआयआर मे मध्ये गप्प बसतो, तो याच कारणाने. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंवर विसंबून तो घेऊ नका.

म्हणून मुख्य काम २४ गिगाहर्ट्झच्या डॉप्लर रडारला दिलं. त्याला उष्णतेशी देणंघेणं नाही, हालचाल कळते. चालणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, त्याने परत येणाऱ्या लहरीच्या वारंवारतेत १९० हर्ट्झच्या आसपास फरक पडतो. ८० ते ४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवला की रेंगाळणारं पोर ते पळत येणारा माणूस सगळे येतात आणि गाड्या गळतात. यात चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, रडार सरळ त्याच्याकडे येणारी किंवा जाणारी हालचाल बघतं. आडव्या चालणाऱ्याचा फरक जवळजवळ शून्य होतो, म्हणून ते चालण्याच्या दिशेला तिरपं, ३० ते ४५ अंशांत लावायचं. दोन, जवळ ट्यूबलाइट असेल तर तिची १०० हर्ट्झची लुकलुक त्याच पट्ट्यात येते. जुना दिवा बदलून घ्या. तीन, जोराच्या वाऱ्यात हलणारी तुरीची फांदी चालणाऱ्या माणसासारखी दिसते. फांदी पुढे-मागे होते, माणूस एकाच दिशेने सरकतो, तेव्हा दिशा ओळखणारं, दोन वाहिन्यांचं मॉड्यूल घ्या, किंमत शे-पाचशेने जास्त पडते. चार, मुसळधार पाऊस. त्यात खोट्या सूचना येणारच. पाऊस ओळखला की गाडीतला आवाज बंद आणि रस्त्याकडेचा दिवा मात्र चालू, असा तोडगा ठेवला.

रडारला उभा माणूस दिसत नाही. एसटीची वाट पाहणारे तर उभेच असतात. थांब्यासाठी ८×८ ठिपक्यांचा छोटा थर्मल, म्हणजे उष्णता टिपणारा, सेन्सर लावला. त्याला सात मीटरपर्यंत दिसतं. उन्हाळ्याच्या दुपारी तो कमजोर, पण थंडीतल्या संध्याकाळी, म्हणजे वेचणीच्या काळात, अचूक. दोघांपैकी एकाने जरी माणूस सांगितला तरी धरायचा. शेवटच्या हालचालीनंतर ८ सेकंद 'माणूस आहे' कायम ठेवायचं. ढोरांचा प्रश्न निघालाच. संध्याकाळी गुराखी ढोरं आणतो तेव्हा खांब सतत 'आहे' म्हणतो. ते गाळायच्या मागे लागू नये असं माझं ठाम मत आहे. ढोरांसोबत माणूस असतोच, आणि गाय आडवी आली तरी दुचाकीवाला वाचायला हवा.

खांबापासून गाडीपर्यंत संदेश न्यायला मोबाइल नेटवर्क वापरलं नाही. फाट्यावर ते कधी असतं, कधी नसतं. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आपल्याकडे विनापरवाना खुला आहे, १ वॅटपर्यंत ताकद आणि २०० किलोहर्ट्झपर्यंत रुंदी. लोरा (थोड्या विजेवर लांब पोचणारा रेडिओ) मॉड्यूल १२५ किलोहर्ट्झवर चालवलं की यात बसतं, २५० वर बसत नाही. ऑनलाइन ९१५ वाली मॉड्यूलं स्वस्त दिसतात, ती घेऊ नका. विक्रेत्याकडे दूरसंचार विभागाचं उपकरण मान्यता प्रमाणपत्र मागा, रडारलाही आणि लोरालाही. संदेश १६ बाइटचा: खांबाचा क्रमांक, माणूस आहे की नाही, कुठल्या बाजूला, बॅटरी, वाढत जाणारा क्रम आणि शेवटी ४ बाइटची सही. सही आणि क्रम नसेल तर कुणीही जुना संदेश पकडून पुन्हा सोडू शकतो. स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे संदेश किती सावकाश पसरून पाठवायचा तो आकडा, ७ ठेवला की हा संदेश ५१ मिलिसेकंदांत जातो. लांब पोचावं म्हणून १२ केला तर १.३ सेकंद लागतात, तेवढ्यात गाडी २२ मीटर पुढे आलेली असते. आपल्याला किलोमीटरभरच पोचायचंय, ७ पुरतो. अँटेना मात्र तुरीच्या वर, चार मीटरवर हवा. ओल्या पानांतून रेडिओ फार लवकर मंदावतो.

गाडीतला डबा: ईएसपी३२ (हिशेब करणारी छोटी चिप), लोरा, सेकंदाला ५ ते १० वेळा जागा सांगणारं जीपीएस, दोन दिवे, एक बझर. सेकंदाला एकदाच सांगणारं जीपीएस घेतलं तर ६० च्या वेगाला जागा १६ मीटर जुनी असते. वळणावर सरळ रेषेचं अंतर फसवं, म्हणून फाट्याकडे येणाऱ्या रस्त्यावर दर २५ मीटरला एक बिंदू नोंदवून डब्यात ठेवला आणि अंतर त्या बिंदूंवरून मोजलं. गाडी फाट्याकडे येतेय की दूर जातेय हे दिशेवरून ठरतं. वेग ३० च्या खाली असेल तर आवाज नाही, नुसता पिवळा दिवा. खर्च डब्यामागे दोन हजारांच्या आत.

वायरिंगला हात लावायचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मनाने बदल करायला मनाई आहे आणि वॉरंटीचाही प्रश्न येतो. चार्जिंगच्या खाचेतून वीज, डॅशबोर्डवर दुतर्फी चिकटपट्टी. उन्हात ती वितळते, म्हणून खाली दोन स्क्रूची पट्टी जास्तीच्या आधाराला. शाळेची गाडी, दूधगाडी, काळी-पिवळी आणि जिनिंगला कापूस नेणारे मालवाहू, यांच्यापासून सुरुवात करा. तिथे मालक एक आणि होकार लगेच. एसटीसाठी आगारात पत्र द्यावं लागतं आणि निर्णय विभाग नियंत्रकांकडून येतो, तो कागद वेगळा चालवा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाआधी, खांब उभा केला. काळ्या मातीत खांब हा स्वतंत्र विषय आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि उथळ पायाचा खांब एका हंगामात कलतो. दोन अंश कलला तरी ६० मीटरवर रोख दोन मीटर सरकतो, रडार पांदणीऐवजी डांबराकडे बघायला लागतं. खड्डा दीड मीटर खोल, तळाला आणि भोवती मुरूम ठोकून, मध्ये काँक्रीट. गवंड्याने "एवढं कशाले खोल, भाऊ?" विचारलं तरी खोलीत तडजोड नको. अर्थिंग वेगळं करा, मृगाच्या विजा इथे भारी. सौर पाटी ४० वॅटची, दक्षिणेला, २१-२२ अंशांत. रोजचा खर्च ४५-५० वॅट-तास, आणि श्रावणातल्या ढगाळ दिवसालाही पाटी तेवढं भरून काढते. बॅटरी १२.८ व्होल्ट २० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट, तीन अंधारे दिवस निघतात. साध्या ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या पुढे दर दहा अंशांना जवळपास निम्मं होतं, आपल्याकडे ती परवडत नाही. लिथियमचा डबाही खांबाच्या उत्तर बाजूला, वर पत्र्याची छत्री आणि मध्ये हवेला फट. पाटीचे बोल्ट चोरीविरोधी घ्या. वानरं अँटेनाला लोंबकळतात, तिला प्लास्टिक पाइपचं कवच लागतंच. खांब, पाया, दिवा, सेन्सर, सौर सगळं धरून पंचवीस हजारांच्या आसपास गेलं, त्यातला मोठा वाटा लोखंड, काँक्रीट आणि बॅटरीचा.

रस्त्याकडेला पिवळा दिवाही आहे, सेकंदाला एकदा लुकलुकणारा, पण फक्त माणसं असताना. बाहेरगावच्या ट्रकमध्ये डबा नसतो, त्यांच्यासाठी हाच. दिवसरात्र लुकलुकणारा दिवा आठवड्याभरात कुणाला दिसेनासा होतो. दिवा फाट्यावर नाही, वळणाच्या अलीकडे दुसऱ्या छोट्या खांबावर ठेवलेला उपयोगी, नाहीतर तो दिसतो तेव्हा माणसंही दिसतातच.

विदर्भातल्या शाळा जून सरता सरता उघडतात, तिथपासून चाचणी. कुणालाही गाडीसमोर चालायला लावून चाचणी करू नका. माणूस डांबराबाहेर, पांदणीत चालतो आणि गाडीत दुसरा जण आवाजाची वेळ टिपतो. मग डबे चालकांकडे दिले आणि एक कागद: वाजलं तेव्हा माणूस दिसला का, हो की नाही. दहांतले आठ 'हो' येईपर्यंत नवी गाडी जोडायची नाही असं ठरवलं होतं. पहिल्या पंधरवड्यात एक चालक म्हणाले, "भाऊ, हे रिकामंच वाजते, मंग मी बंदच करून टाकतो." त्यांचं म्हणणं हीच खरी मोजपट्टी. त्यानंतर रडारच्या तीन सलग नोंदी अर्ध्या सेकंदात आल्या तरच माणूस धरायचा, असं केलं आणि वारा-पानांचे आवाज थांबले. आवाजाचंही तसंच. बोलून सांगणारी सूचना टाळली. वाक्य पूर्ण व्हायलाच दीड सेकंद जातो, आणि तेलंगणा-मध्य प्रदेशच्या चालकाला मराठी कळायलाच हवी असं नाही. दोन छोटे ठोके, १००० हर्ट्झच्या आसपास, केबिनच्या आवाजापेक्षा १५ डेसिबल वर. ३००० च्या वरचा किरकिरा सूर वयस्क चालकांना नीट ऐकू येत नाही. एका फेरीत एकदाच, मग दिवा.

चालकांना सगळ्यात आधी एक गोष्ट समजावून सांगा: डबा गप्प आहे म्हणजे रस्ता मोकळा, असं नाही. खांब दर अर्ध्या सेकंदाला 'मी जिवंत आहे' सांगतो. टप्प्यात येऊनही तीन सेकंद काही आलं नाही तर डब्यावर लाल दिवा स्थिर राहतो, म्हणजे यंत्रणा बंद, डोळ्यांवर चला. हा दिवा नसलेली यंत्रणा कुणालाही देऊ नये.

साइडपट्टीवर मुरूम टाकून बाभळी काढायचा अर्ज याच फाइलसोबत दिला होता. तोही तेवढाच नेटाने लावून धरा, कारण माणसाला डांबराबाहेर चालायला जागा मिळाली की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. देखभाल अशी: पोळ्यानंतर एकदा आणि होळीनंतर एकदा ओळंबा लावून खांब तपासायचा, पाटी महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसायची, वेचणीच्या दिवसांत धूळ फार बसते तेव्हा पंधरवड्याला. रडारच्या झाकणावर गांधीलमाशा घर करतात, तेही त्याच वेळी बघायचं. तुरीची उंची कंबरेच्या वर गेली की डब्यातली संदेश हरवल्याची नोंद एकदा उतरवून घ्या. शंभरात वीसपेक्षा जास्त हरवत असतील तर अँटेना अर्धा मीटर वर चढवायचा.